लाउडनेस मीटर वाचताना

मिक्स करताना केवळ पीक मीटर (सिग्नलची क्षणोक्षणीची कमाल पातळी दाखवणारा) पाहून आवाज किती मोठा वाटेल हे ठरवू नका. दोन ट्रॅकचे पीक सारखेच असले, तरी भरपूर कॉम्प्रेशन केलेला (म्हणजे लहान-मोठ्या आवाजांतला फरक कमी केलेला) ट्रॅक कानाला कितीतरी मोठा वाटतो. त्यासाठी एलयूएफएस (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याचे एकक) दाखवणारा मीटर मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या चॅनेलवर, सगळ्यात शेवटी, पीक ठराविक मर्यादेत ठेवणाऱ्या लिमिटरच्याही नंतर लावा. त्यातला मोमेंटरी आकडा ४०० मिलिसेकंदांचा, शॉर्ट-टर्म ३ सेकंदांचा आणि इंटिग्रेटेड संपूर्ण कार्यक्रमाचा असतो. ईबीयू आर १२८ या युरोपीय प्रसारण संघाच्या शिफारशीनुसार प्रसारणासाठी इंटिग्रेटेड −२३ एलयूएफएस आणि ट्रू पीक (डिजिटल नमुन्यांच्या मधली शिखरेही धरून येणारी खरी कमाल पातळी) जास्तीत जास्त −१ डीबीटीपी (ट्रू पीकचे डेसिबल) अपेक्षित आहे. नवशिक्यांची गफलत हमखास इथेच होते: मधूनच प्ले करून मिळालेला इंटिग्रेटेड आकडा ग्राह्य नसतो, म्हणून मीटर रीसेट करून कार्यक्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत मोजा. शिवाय गेटिंगमुळे फार कमी आवाजाचे भाग या मोजणीतून वगळले जातात. त्यामुळे एकूण आकडा बरोबर येऊनही कुजबुजीतले संवाद ऐकूच येत नाहीत, असे होऊ शकते. अशा ठिकाणी शॉर्ट-टर्मवर नजर ठेवून संवादांची पातळी हाताने वाढवा. कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती पातळी आहे हे आलेखात दाखवणारा स्पेक्ट्रम ॲनालायझर शंका तपासण्यापुरताच ठेवा. आलेख बघून इक्यू करणे (फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणे) मला तरी पटत नाही. डावा आणि उजवा चॅनेल एकमेकांशी किती जुळतात हे दाखवणारा फेज-कोरिलेशन मीटर बराच वेळ शून्याखाली राहत असेल, तर मिक्स मोनोमध्ये (दोन्ही चॅनेल एकत्र करून) ऐकून पाहा.