‘सर्वात जुनी आकाशगंगा’ आणि जुन्नरचा उकार

प्रश्न असा आला आहे : ‘वेब दुर्बिणीला सापडली विश्वातली सर्वात जुनी आकाशगंगा’ असा मथळा वाचला. खालच्याच परिच्छेदात ती ‘नुकतीच जन्मलेली’ असल्याचे लिहिले होते. मग तिला जुनी म्हणायचे की तरुण? मराठीत यासाठी वेगळा शब्द आहे का?

आहे. पण आधी ‘आकाशगंगा’चा निकाल लावतो, कारण या शब्दाने माझी रोजची सकाळ नासवली आहे. आकाशगंगा हे विशेषनाम आहे. आपला सूर्य जिच्यात आहे तिचे, आणि फक्त तिचे. सामान्यनाम दीर्घिका. हा शब्द कुणी प्रयोगशाळेत बसून पाडलेला नाही. अमरकोशात ‘वापी तु दीर्घिका’ असे आहे, म्हणजे लांबट, बांधीव विहीर. आपल्याकडची पायऱ्यांची बारव डोळ्यांसमोर आणा. तिरपी दिसणारी देवयानी (इंग्रजीत अँड्रोमेडा) दीर्घिका छायाचित्रात पाहिली की हे नाव ठेवणाऱ्याला पाणीच आठवले असणार, असे मला वाटते.

यावर एक हुशार उत्तर नेहमी ऐकू येते. गंगेचे सामान्यनाम तर महाराष्ट्रानेच करून ठेवले आहे : वैनगंगा, पैनगंगा, पंचगंगा. नाशिककर गोदावरीवर निघाला की ‘गंगेवर जातो’ म्हणतो. अगदी कबूल. पण कोल्हापुरात पंचगंगेला पूर आला तर तोच नाशिककर ‘गंगेला पूर आला’ म्हणत नाही. त्याची गंगा एकच आहे. बातमीदारांनी तेवढे भान ठेवावे. आणि ‘कित्येक प्रकाशवर्षांपूर्वी’ लिहिणाऱ्यांना एवढेच विचारतो, की ‘काही कोसांपूर्वी आमचे लग्न झाले’ असे म्हणता का?

आता ‘जुनी’. संस्कृतात जॄ धातू झिजण्याचा, वयाने खंगण्याचा. त्यापासून जरा, जर्जर, जरठ, जीर्ण. जीर्णाचे एक वैदिक भावंड आहे जूर्ण. त्याचे प्राकृतात जुण्ण झाले आणि मराठीत जुना. गुजरातीत तेच जूनुं, म्हणून जुनागढ. ग्रीकांचा म्हाताऱ्यासाठीचा शब्द ‘गेरोन’, तोही याच मुळाचा. म्हणजे जुना हा शब्द काळ मोजत नाही, झीज मोजतो. पायताण दोन वर्षांत जुने होते, सोने दोनशे वर्षांत होत नाही.

माझ्या आजीचा परकर-पोलक्यातला एक फोटो घरी आहे. कडा कसरीने खाल्लेल्या, मधोमध घडी पडून पांढरी रेघ उमटलेली, कोपऱ्यात शाईचा डाग. फोटो जुना, यात वाद नाही. पण त्यातली मुलगी सात वर्षांची आहे आणि तिचा पुढचा एक दात पडलेला आहे. तिला ‘आमच्या घराण्यातली सर्वात जुनी मुलगी’ म्हणाल?

मथळेवाले हेच करतात. मे २०२५मध्ये ‘मॉम-झेड१४’ या दीर्घिकेची बातमी आली. (ती ज्या सर्वेक्षणात सापडली त्याचे नाव ‘मृगजळ की चमत्कार’ अशा अर्थाचे आहे. मॉम ही त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे. नावाने आई आणि वयाने तान्ही!) आपल्याला दिसणारा तिचा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचे वय जेमतेम २८ कोटी वर्षे होते. आज ते सुमारे १३८० कोटी आहे. म्हणजे प्रकाश साडेतेराशे कोटी वर्षे वाट चालला आणि आपल्या हाती पडला तो तिचा बाळपणीचा फोटो. आज ती कशी असेल हे तो सांगत नाही. ती १३५० कोटी प्रकाशवर्षे दूर आहे असेही लिहू नका. वाटेत अवकाश प्रसरण पावत राहिले, त्यामुळे तिचे आजचे अंतर सुमारे ३४०० कोटी प्रकाशवर्षे भरते.

हे कळते कसे? ताम्रसृतीवरून, म्हणजे ताणला गेलेला प्रकाश तांबड्या टोकाकडे किती सरला त्यावरून. कोणी ताम्रच्युती म्हणतात. मला तो शब्द मुळीच आवडत नाही. च्युत होणे म्हणजे पदावरून घसरणे. प्रकाशाने असे काय पाप केले? सृ म्हणजे सरणे, वाहणे. सरितेतला सृ तोच. हायड्रोजनच्या प्रकाशाची एक खूण १२१.६ नॅनोमीटर तरंगलांबीवर असते, दूरच्या जंबुपार (अतिनील) भागात. मॉम-झेड१४ची ताम्रसृती १४.४४, त्यात एक मिळवायचा आणि त्या तरंगलांबीला १५.४४ने गुणायचे. उत्तर येते जवळजवळ १८८० नॅनोमीटर. आपला डोळा सातशेच्या आसपास हात टेकतो. म्हणजे ही दीर्घिका डोळ्याला दिसणाऱ्या रंगांत आपल्यापर्यंत पोचतच नाही. छायाचित्रातला तिचा रंग नंतर नेमून दिलेला असतो. ‘लाल दिसते म्हणजे म्हातारी’ हा समज इथेच बाद होतो.

इथे मला मोह झाला होता, की दीर्घिका नवी पण प्रकाश ‘जुना’ असे म्हणावे. ताणला गेला, ऊर्जा पंधराव्या हिश्श्याच्या आसपास उरली, आणखी झीज ती कोणती? पण ‘प्रकाश वाटेत थकतो’ ही कल्पना खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकीने १९२९मध्ये मांडली होती आणि ती टिकली नाही. ताणले जाते ते अवकाश. मी शब्द मागे घेतला.

खऱ्या अर्थाने जुनी दीर्घिका पाहायची असेल तर उलट अलीकडे यावे लागते. ‘झेडएफ-यूडीएस-७३२९’ नावाची एक आहे, २०२४मध्ये गाजलेली. तिचा प्रकाश साधारण ११५० कोटी वर्षांपूर्वी निघाला, म्हणजे मॉमच्या कितीतरी नंतर. पण तिच्या वर्णपटात निळ्या, दणकट ताऱ्यांचा मागमूस नाही. असे तारे तीस लाख ते कोटभर वर्षांत जळून संपतात. मागे उरतात ते मंद, तांबूस, दीर्घायुषी. त्यावरून हिशेब लागला की प्रकाश निघाला तेव्हाच तिचे तारे दीडशे कोटी वर्षांचे होते. ती त्या वेळीच जुनी होती, जॄ धातूला जागून. एक दूरची आणि तान्ही, दुसरी त्या मानाने जवळची आणि जख्ख. ‘जितकी दूर तितकी जुनी’ म्हणणाऱ्यांनी या दोघींना शेजारी बसवून दाखवावे.

तान्हीसुद्धा कोरी नसते, हेही खरे. ‘जेड्स-जीएस-झेड१४-०’ ही तशीच फार लांबची दीर्घिका. २०२५मध्ये चिलीतल्या अल्मा दुर्बिणींना तिच्यात ऑक्सिजन सापडला. महास्फोटातून मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमच निघाले होते. ऑक्सिजन ताऱ्यांच्या पोटात शिजतो आणि ते मेले की बाहेर पडतो. म्हणजे विश्व तीस कोटी वर्षांचेही नव्हते तेव्हा तिथे ताऱ्यांची एक पिढी येऊन गेली होती. आजीच्या फोटोतला दात आठवला.

मग शब्द कोणता? पुराण! यास्काने निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीच्या ग्रंथात, विचारले, ‘पुराणं कस्मात्?’ आणि स्वतःच उत्तर दिले, ‘पुरा नवं भवति’. जे पूर्वी नवे होते ते पुराण. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या आसपासचा हा माणूस, त्याच्याकडे दुर्बीण नाही, आणि मॉम-झेड१४ची व्याख्या तीन शब्दांत बांधून मोकळा! आता व्याकरणवाले लगबगीने सांगतील की ही यास्काची ओढाताण आहे, ‘पुरा’ला साधा प्रत्यय लागला आहे, ‘नव’ त्यात कुठेच नाही. ठाऊक आहे मला. प्रत्ययाने शब्द बनतो, कळत नाही. यास्काला तो कळला होता.

आणि मराठीला हा भेद पूर्वीपासून माहीत असावा. आपण ‘जुनापुराणा’ म्हणतो. शाळेत याला समानार्थी जोडशब्द म्हणून शिकवतात. साफ चूक! जुना म्हणजे झिजलेला, पुराणा म्हणजे फार पूर्वी नवा असलेला. बोहारणीला दिले जाणारे लुगडे दोन्ही असते, म्हणून तिथे दोन्ही शब्द. हिंदीने ‘पुराना’ ठेवला आणि झीज सोडून दिली.

आता जुन्नर, कारण जुण्ण म्हटल्यावर मला गप्प बसवत नाही. जूर्णनगर, जुण्णनगर, जुन्नर : इतकी सरळ उतरण आहे. तरी काही अभ्यासक ‘यवननगर’ पुढे करतात. तिथल्या लेण्यांत यवन, म्हणजे ग्रीक, दात्यांचे शिलालेख आहेत, हे खरे. पण एकाने पाण्याची दोन टाकी दान दिली म्हणून गाव त्याच्या नावाचे होत नसते, नाहीतर आमच्या देवळातल्या पंख्यांवरची नावे पाहून गावाचे बारसे करावे लागेल. शिवाय यवनाचे प्राकृतात ‘जोण’ होते. मग गाव जोन्नर का झाले नाही? हा उकार कुठून आला, याचे धड उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

आणि याच जुन्नर तालुक्यात, नारायणगावाजवळ खोडदला, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तिथल्या निरीक्षणांतून २०२३मध्ये एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनची हाक जाहीर झाली. निघाली तेव्हा एकवीस सेंटिमीटर लांबीची लहर, पोचली तेव्हा अठ्ठेचाळीस. वाटेतल्या दुसऱ्या एका दीर्घिकेने भिंगासारखी ती मोठी केली, म्हणून ऐकू आली. निघाली होती ८८० कोटी वर्षांपूर्वी. जीर्णनगराच्या शिवारात पुराण हाक ऐकू येते, आणि लोक म्हणतात व्युत्पत्ती हा रिकामटेकड्यांचा धंदा आहे.

प्रश्न जुनी की तरुण असा होता, नाही का? तान्ही म्हणा, कारण दिसते ती तान्हेपणीची. काळ सांगायचा असेल तर पुराणी म्हणा. ‘आजवर दिसलेली सर्वात पुराणी दीर्घिका, तान्हेपणीची’. मथळ्यात बसत नाही, हे मान्य.