चुकारा आला की जाऊ

नोव्हेंबर संपत आला की समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांतून एक प्रश्न हमखास येतो, आणि अलीकडे मुलांना कॉन्व्हेंटमध्ये घालणारी इतर कुटुंबेही तोच प्रश्न घेऊन येतात. नाताळाला मुलांना वस्तू द्यावी की कुठेतरी फिरायला न्यावे? न्यायचे ठरवले तर ते आपल्याला झेपेल का, आणि हातात काहीच न पडल्यामुळे मुले हिरमुसतील का? या प्रश्नाला मी पूर्वी एक सर्वसाधारण उत्तर देत असे. दारव्हा तालुक्यातल्या एका कुटुंबामुळे ते बदलले. त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलून तो अनुभव येथे मांडते.

वडील शेतकरी होते. आठ एकरांत कापूस, तूर आणि विहिरीच्या भरवशावर थोडा हरभरा. आई अंगणवाडी सेविका होती. मोठी मुलगी सहावीत आणि धाकटा मुलगा दुसरीत शिकत होता. ते आले ते सहलीसाठी नव्हे, मुलीसाठी. रविवारच्या उपासनेनंतर नाताळाच्या गाण्यांचा सराव चालतो, त्यात दरवर्षी पुढे असणारी ही मुलगी त्या वर्षी मागच्या बाकावर बसून राहत होती आणि नाताळाला काय हवे असे विचारले की "काही नको" एवढेच म्हणत होती.

"मॅडम, पोरगी बोलूनच नाही राहिली," वडील म्हणाले. "गोव्याले नेतो म्हटलं, गाडीनं, पाच दिवस. तरी तिले काही नाही. मी का कमी केलं तिच्यासाठी?"

गोव्याचा अंदाजे खर्च त्यांनी चाळीस हजार सांगितला. एवढे पैसे कुठून येणार असे मी विचारल्यावर ते सहजपणे म्हणाले, "चुकारा आला की."

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते की, विकलेल्या मालाचे हाती येणारे पैसे म्हणजे चुकारा. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलमागे 8,110 रुपये होता. पण तो पूर्ण भाव मिळायचा तर कापसातला ओलावा आठ टक्क्यांच्या आत असावा लागतो (बारा टक्क्यांपर्यंत भाव कापून घेतात), खरेदी केंद्रावर नंबर लागावा लागतो आणि त्यानंतर पैसे खात्यात जमा होण्याची वाट पाहावी लागते. खासगी व्यापाऱ्याला द्यायचा तर आज द्यावा की भाव वाढेपर्यंत घरात भरून ठेवावा, हा घोर वेगळाच. त्यामुळे आमच्याकडे लग्न, मोटारसायकल, घराचा स्लॅब, दवाखाना असे सगळेच "चुकारा आला की" होते. मोठ्या माणसांना त्या वाक्यातली अनिश्चितता ऐकू येते. मुलाला फक्त "जाऊ" ऐकू येते.

मी आईला मागच्या नाताळांविषयी विचारले, तेव्हा थोडे थांबून तिने सांगितले की हा गोव्याचा बेत सलग तिसऱ्या वर्षीचा होता. पहिल्या वर्षी कापूस घरातच राहिला होता. दुसऱ्या वर्षी चुकारा आला, पण तो कृषी केंद्राच्या उधारीत गेला. दोन्ही वेळी वडिलांनी नंतर मुलांसाठी काहीतरी आणले होते, एकदा तर मुलीसाठी सायकल. त्यामुळे आपण शब्द मोडला असे त्यांना वाटतच नव्हते.

येथे माझी एक चूक सांगणे भाग आहे. शब्द देऊन तो मोडण्यापेक्षा शब्दच देऊ नये, असा विचार करून मी त्यांना सुचवले की सहल लहान ठेवा आणि निघायच्या दिवसापर्यंत मुलांना काही सांगू नका. आनंदाचा धक्का बसेल आणि बेत बारगळला तरी कुणाला कळणार नाही, असे माझे गणित होते. दिसायला हा सल्ला शहाणपणाचा होता. आठवड्याने मुलगी एकटी माझ्यासमोर बसली. आई फोनवर कुणाशी तरी गाडीबद्दल बोलत असताना तिने सगळे ऐकले होते. मी विषय काढला तेव्हा ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "म्हणजे या वर्षी न सांगताच रद्द करणार."

अकरा वर्षांच्या मुलीच्या त्या वाक्याने माझे गणित चुकल्याचे मला दाखवून दिले. तिचा राग गोवा न दिसण्याचा नव्हताच. आपण दोन वर्षे मैत्रिणींना सांगून बसलो आणि तोंडघशी पडलो, याचा तो राग होता, आणि त्यावर उपाय म्हणून मी तिच्या आईवडिलांना बेत आणखी लपवायला सांगत होते. ज्या मुलाचा विश्वास शाबूत आहे त्याला अचानक मिळालेली सहल नक्कीच आवडेल. पण ज्याचा विश्वास ढळला आहे, त्याला सगळे आधीपासून दिसावे लागते.

पुढच्या बैठकीला मी वडिलांना त्यांच्या स्वतःच्या लहानपणच्या नाताळाविषयी बोलते केले. ते बराच वेळ शकुंतलेबद्दल बोलत राहिले. यवतमाळ, दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर आणि तेथून दर्यापूर, अंजनगावमार्गे अचलपूर अशी ती नॅरोगेज गाडी आता बंद आहे, पण त्यांच्या वडिलांनी एका नाताळानंतर त्यांना तिच्यातून अचलपूरला नेले होते. अचलपुरात काय पाहिले ते त्यांना आठवेना. आठवत होती ती आदल्या रात्री न लागलेली झोप, धोतराच्या सोग्यात बांधलेले भुईमुगाचे दाणे आणि "शुक्रवारी जायचे" हे वडिलांचे वाक्य. तो शुक्रवार कोणाच्याही चुकाऱ्यावर अवलंबून नव्हता. तिकिटापुरते पैसे त्यांच्या वडिलांनी डब्यात आधीच ठेवले होते. हे शेवटचे मी सुचवले नाही. सांगता सांगता ते स्वतःच तेथे येऊन थांबले.

गोवा बाजूला पडला तो असा. शकुंतलेच्या वाटेने गाडीने अचलपूर-परतवाड्यापर्यंत जायचे, आईच्या मावशीकडे मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी घाट चढून चिखलदरा पाहून परतायचे, असे ठरले. वर्षअखेरीला चिखलदऱ्यात खोल्यांचे दर वाढतात आणि गर्दीही फार होते, त्यामुळे मुक्काम खालीच ठेवणे सोयीचे होते. आईच्या बचत गटातले साडेपाच हजार रुपये हातात होते आणि बेत तेवढ्यातच बसवायचा होता. वडिलांना हे फार कमी वाटले. "एवढ्याशाले का गिफ्ट म्हणाव?" असे त्यांनी दोनदा विचारले आणि दुसऱ्यांदा मी उत्तर दिले नाही.

तारीख ठरवण्यात मात्र एक पूर्ण बैठक गेली, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची बैठक तीच होती. मुलीच्या शाळेला नाताळाची आठवडाभर सुटी होती, पण धाकट्याच्या जिल्हा परिषदेच्या शाळेला फक्त पंचवीस तारखेची. कापसाची तिसरी वेचणी त्याच सुमारास येणार होती आणि मजुरांना आधी सांगून ठेवावे लागणार होते. त्यातच शेतीची लाइन, म्हणजे पंपाची वीज, एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते. रात्रभर हरभऱ्याला पाणी देऊन सकाळी घाटात गाडी चालवणे मला कोणत्याही अटीवर मान्य नव्हते. दिवसाच्या लाइनचा आठवडा कोणता हे मुलीने कॅलेंडरवर बोटाने मोजून काढले आणि 26 डिसेंबर, शुक्रवार, हा दिवस निघाला. 27 ला रात्री घरी आणि रविवारी उपासनेला हजर, या अटीवर आजीही यायला तयार झाली.

त्यानंतरची कामे आम्ही नाताळापूर्वीच्या आगमनकाळातल्या रविवारांवर वाटून टाकली. एका रविवारी मुलीच्या वहीत खर्चाचा हिशेब, दुसऱ्या रविवारी आजोबांकडून जुन्या स्थानकांची नावे लिहून घेणे, नंतर काकांच्या गाडीचे टायर आणि ब्रेक तपासून घेणे. दुसरीतल्या मुलाला "पुढच्या महिन्यात" या शब्दाचा काही अर्थ लागत नाही. रोज एक चौकोन खोडायला मिळाला की लागतो. पैशांची वही अकरा वर्षांच्या मुलीकडे देण्याला वडिलांचा विरोध होता. तो स्वाभाविक होता, कारण वही दिली की "पैसे नाहीत" हे वाक्य वापरता येत नाही.

धाकट्याला गाडी लागत असे. डोळ्यांना गाडीचा आतला भाग स्थिर दिसतो, आतला कान मात्र वळणे सांगत राहतो, आणि या विसंगतीतून मळमळ होते. म्हणून मोबाइल बंद, पोट हलके, खिडकीतून दूरच्या डोंगराकडे नजर आणि घाटात मध्ये एकदा थांबणे, एवढे सांगून ठेवले. तरीही त्याला घाटात उलटी झालीच. पिशवी तयार असल्यामुळे तिचा गाजावाजा झाला नाही, इतकेच.

सहलीचे वर्णन मी करत नाही, कारण मी तेथे नव्हते. मुलीने मला जे सांगितले त्यात गाविलगड होता, 1803 च्या डिसेंबरात तो इंग्रजांनी जिंकल्याचे तिने वहीत लिहून घेतले होते; कॉफीची झाडे होती, आणि सकाळच्या थंडीत आजीच्या तोंडातून निघालेली वाफ पाहून धाकटा कितीतरी वेळ हसत होता हेही होते. दोनच ठिकाणे पाहायची असे ठरले असूनही वडिलांनी तिसऱ्याचा आग्रह धरला, मुलीने वही पुढे केली आणि ते गाडीत बसले. दर्यापूरजवळ रुळांच्या खुणा शोधण्यात तासभर गेला. वेचणीचे मजूर दोन दिवस दुसऱ्याच्या शेतात गेले, त्याचा थोडा तोटा झाला, आणि तो सोसावा लागला.

फेब्रुवारीत आईचा अंगणवाडीतून फोन आला. मुलगी पुन्हा गाते आहे. पूर्वीइतकी बोलत नाही, पण विचारले तर उत्तर देते, असे ती म्हणाली. ठेवता ठेवता तिने वहीतली शेवटची नोंद वाचून दाखवली. सहलीच्या हिशेबाखाली शिल्लक 340 रुपये लिहिले होते आणि त्याच्याखाली वेगळ्या शाईत, जानेवारीतल्या तारखेसह: "आज बाबांचा चुकारा आला."