कोरलेल्या टॉपच्या इलेक्ट्रिक गिटारला बाइंडिंगची खाच मारायला कोणता बिट घ्यावा?

बिटवर, म्हणजे खाच कापणाऱ्या फिरत्या पात्यावर, पैसे घालवायच्या आधी थांबा. बाइंडिंगची, म्हणजे बॉडीच्या कडेनं बसणाऱ्या पट्टीची, खाच कमरेपाशी बरी आली, शिंगापाशी (बॉडीच्या वरच्या टोकापाशी) तिरकी गेली, म्हणून आता महागडा बिट मागवू का, असं तुम्ही विचारलंय. नका मागवू. बिट निर्दोष आहे. हेच वाक्य मी चार वर्षं झाली नागपूरच्या लकडगंजमधल्या एका माणसाला ऐकवतोय.

तो माझा आतेभाऊ. फर्निचरचा धंदा, हात सोन्याचा, तोंड तिखट. त्याच्याच शेडमध्ये मी पहिली कोरीव गिटार केली. बॉडी महाल भागातल्या एका पाडलेल्या वाड्याच्या चौकटीची, जुनं सीपी (मध्य प्रांताचं) सागवान. वर मेपल, त्याची खरी किंमत घरी अजून सांगितलेली नाही. सकाळी पाठीमागच्या कडेची खाच मारली. अशी आली की पट्टी नुसत्या बोटानं दाबली तरी बसली. मग बॉडी उलटली आणि त्याच ट्रिमरनं (बिट फिरवणाऱ्या हातातल्या छोट्या यंत्रानं), त्याच बिटनं पुढची बाजू घेतली. ट्रिमर सरळ कोरलेल्या उतारावर टेकवला. शिंगाच्या वळणावर त्याचं बूड डुगडुगलं, खर्रकन आवाज आला आणि मेपलची ढलपी उडून कूलरच्या जाळीत अडकली. दादा मागे चहा घेऊन उभाच होता. "तुया बिटले धारच नाही बे!" संध्याकाळपर्यंत हा निकाल अख्ख्या गल्लीत पोचला होता.

आता तुम्हीच सांगा, धार नव्हती तर पाठीमागची खाच कशी काय आली? पाठ सपाट होती म्हणून! उतारावर ठेवलेला ट्रिमर बाहेरच्या बाजूला कलतो, म्हणजे बिटचं टोक आत शिरतं. नुसता 5 अंशांचा कल धरा. 6 मिलिमीटर खोल खाचेत वरच्या आणि खालच्या टोकात अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो. पट्टीच मुळी दीड मिलिमीटरची. ती वर बाहेर येते, खाली आत दबते, आणि घासून बरोबर केली की समोरून पांढरी रेघ कुठे जाड, कुठे बारीक दिसते. गिब्सनच्या 1952 च्या लेस पॉल गिटारपासून लोकांची नजर त्या एकसारख्या क्रीम रेघेला सरावलेली आहे, त्यामुळे चूक लपत नाही.

खाच बॉडीच्या बाजूला समांतर हवी. टॉपच्या उताराशी तिचा संबंध नाही. म्हणून ट्रिमर उभा धरून ठेवणारा जिग, म्हणजे आधाराचा साचा, करा. मी ड्रॉवरचे दोन टेलिस्कोपिक चॅनेल उभ्या प्लायवर ठोकले, दादाच्याच भंगारातले. ट्रिमर त्यांच्यावर आपल्या वजनानं वरखाली सरकतो. बुडाखाली बिटभोवती अॅक्रिलिकची छोटी कडी लावली, ती टॉपला फक्त कडेपाशी टेकते. बॉडी पाठीवर, सपाट टेबलावर, आणि फिरवायची ती बॉडीच. चॅनेल हलत असतील तर ते बदला, नाहीतर सगळी मेहनत वाया. माझी फसलेली खाच मेपलची चिपटी चिकटवून भरली आणि त्याच बिटनं पुन्हा मारली. हो, त्याच. दादानं निरखून पाहिली आणि म्हणाला, "आता धार लावली वाटते."

बरं, बिट. बेअरिंग (कडेला टेकून फिरणारं चाक) बदलता येणारा कार्बाइडचा रिबेट बिट, म्हणजे कडेला खाच मारणारा बिट, घ्या, कुठलाही बरा. खाचेची रुंदी म्हणजे कटरच्या व्यासातून बेअरिंगचा व्यास वजा करून निम्मं. दांडा मात्र बघून घ्या. कोलेट (ट्रिमरची दांडा पकडणारी चिमटी) पाव इंची असेल तर 6 मिलिमीटरचा दांडा त्यात सैल राहतो, आणि फिरता फिरता सुटला तर बोटं जातील. शिंगावर आणि खांद्यावर, जिथे लाकडाची रेषा बाहेर पडते, तिथे नेहमीच्या उलट्या दिशेनं हलके घास घ्या. उलट दिशेला मशीन खेचतं, म्हणून पकड घट्ट.

दादाच्या बाजूनं एक गोष्ट मान्य करावी लागेल. सागवानात सिलिका असते, ती धार खाते. त्यामुळे सागवानाची पाठ आधी आणि मेपल नंतर, हा माझा क्रम गाढवपणाचा होता. मेपल आधी घ्या. पण सिलिकानं बिट बोथट होतो, तिरका होत नाही.

आणि तुमच्या टॉपची कड सगळीकडे एकाच उंचीवर सपाट सुटणार असेल तर जिगसुद्धा नको. कोरण्याआधीच, टॉप सपाट असताना, कडेची उतरण अधिक पट्टीची उंची एवढी खोल खाच दोन-तीन फेऱ्यांत मारून घ्या. वरचं लाकूड कोरताना जाणारच आहे. हा उपाय दादानं तेव्हाच सांगितला होता. माझी कड कटअवेमध्ये (शिंगाजवळच्या खोलगट कापात) खाली वळते, म्हणून तो मला लागू नव्हता, हे त्याला अजून पटलेलं नाही.

पट्टी मे महिन्यात दुपारी चिकटवू नका. अॅसिटोनमध्ये विरघळवलेला गोंद आपल्याकडच्या 45 डिग्रीत टेप लावेपर्यंत सुकतो.