एकाच घरातले दोन कठोर भाऊ

प्रश्न : माझे दोन मोठे भाऊ एकाच घरात वाढले. थोरला म्हणतो, ‘नियम मोडणाऱ्यांना जबर शिक्षा झाल्याशिवाय समाज ताळ्यावर येणार नाही.’ मधला नियमांची फारशी पर्वा करत नाही. ‘जो जिंकतो त्याचेच जग’ हे त्याचे पालुपद. दुबळ्यांविषयी बोलताना मात्र दोघांची भाषा सारखीच कठोर होते. वडील फार कडक होते. हे सारे त्या कडकपणातूनच आले का? आणि आता चाळिशीनंतर ते बदलेल का?

उत्तर : आपल्या भावांची भाषा सारखी असली, तरी तिचा उगमही एकच असेल असे मला वाटत नाही.

जर्मन तत्त्वज्ञ थिओडोर अडोर्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० मध्ये मांडले होते, की धाकाच्या घरात मुलाला आईवडिलांचा आलेला राग दाखवण्याची सोय नसते. तो आत दाबला जातो आणि पुढे दुबळ्यांवर निघतो. हे स्पष्टीकरण आजही अनेकांना पटते, पण त्यामागची, हुकूमशाही वृत्ती मोजणारी प्रश्नावली सदोष होती. तिच्यातल्या विधानांना ‘हो’ म्हटले की गुण वाढत, त्यामुळे कशालाही मान डोलावणारा माणूसही हुकूमशाही वृत्तीचा ठरे. पुढे कॅनडातील मानसशास्त्रज्ञ बॉब आल्टेमायर यांनी सत्तेपुढे नमणे, सत्तेने दाखवलेल्या शत्रूवर तुटून पडणे आणि रूढीला चिकटून राहणे या तीन धाग्यांत ही वृत्ती नेमकी पकडली. आपला थोरला भाऊ इथे ओळखू येतो. मधल्याची वृत्ती वेगळी आहे. समाजात काही गट वर आणि काही खालीच असावेत या ओढीला मानसशास्त्रज्ञ जिम सिडानियस आणि फेलिशिया प्राटो यांनी १९९४ मध्ये स्वतंत्र मोजमाप दिले.

मानसशास्त्रज्ञ जॉन डकिट यांनी २००१ मध्ये या दोन वृत्तींपर्यंत पोहोचणाऱ्या दोन वाटा दाखवल्या. समजा, लहान मुलाच्या हातून पाण्याचा पेला सांडला. एका घरात लगेच आवाज चढतो, हात उगारला जातो. मूल फरशीकडे न पाहता मोठ्यांच्या चेहऱ्याकडे पाहते आणि चुकीला क्षमा नाही, रेषेच्या आत राहिले तरच आपण सुरक्षित, एवढे मनाशी बांधते. मोठेपणी त्याला जग धोक्याचे वाटते आणि धोक्याच्या जगात खंबीर सत्ता हवीशी वाटते. दुसऱ्या घरात कोणी ओरडत नाही, पण जवळही येत नाही. मूल एकटेच फरशी पुसते. मायेचा ओलावा न मिळालेले असे मूल मनाने कोरडे होते, त्याला जग म्हणजे नुसती चढाओढ वाटू लागते आणि ज्याला कोणी विचारत नाही त्याची कीव करणे त्याला परवडत नाही. मला ही दुसरी वाट अधिक काळजीची वाटते, कारण मारलेले निदान आठवते, न मिळालेले सहसा आठवतही नाही.

एकाच छपराखाली दोन वाटा कशा, असे आपण विचाराल. एकच बाप दोन मुलांना सारखा भेटत नाही: एकाच्या वाट्याला त्याचा धाक येतो, तर दुसऱ्याच्या वाट्याला त्याचे दुर्लक्ष. शिवाय या वृत्तींत अनुवंशाचाही वाटा असतो, असे जुळ्यांवरील अभ्यासांतून दिसले आहे. म्हणून सारा दोष वडिलांच्या माथी मारू नये. बालपणाविषयीचा बराचसा पुरावा प्रौढांच्या आठवणींवर उभा आहे, हेही ध्यानात ठेवावे.

बदल होतो. आल्टेमायर यांना विद्यापीठीय शिक्षणाच्या वर्षांत विद्यार्थ्यांचे हुकूमशाही वृत्तीच्या प्रश्नावलीतले गुण उतरताना दिसले, तर आईवडील झाल्यावर ते काहीसे चढतानाही दिसले. म्हणजे माणूस किती सुरक्षित आहे आणि किती वेगळ्या माणसांत वावरतो, यावर बरेच अवलंबून असते. थोरल्याशी बोलताना त्याच्या भीतीची थट्टा करू नका. त्याला नेमके कशाचे भय वाटते हे विचारा आणि ऐकून घ्या. मधल्यापुढे भीतीविषयीचा युक्तिवाद वाया जाईल. ज्या कामात कोणी हरत नाही आणि सगळ्यांना मिळूनच ते तडीस न्यावे लागते, अशा एखाद्या कामात त्याला सोबत घेऊन पाहा.