मालिका विकत घ्यायची तर कोणती, कुठून आणि कशी?

परदेशातल्या वाचकांकडून या वेळी मालिकांबद्दल बरेच प्रश्न आले. त्यांतले निवडक प्रश्न आणि उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): लाँग वीकएंडला घरात सगळ्यांनी मिळून एखादी मालिका संपवायचं ठरवलं. चित्रपट ४८ तासांसाठी भाड्याने मिळतो, पण मालिकेखाली ‘रेंट’चं बटणच दिसत नाही. आमचं काही चुकतंय का?

उत्तर: तुमचं काही चुकत नाही, मालिकेला ते बटणच नसतं. ॲपलने सप्टेंबर २०१० मध्ये मालिकेचा एकेक भाग ९९ सेंटला भाड्याने द्यायला सुरुवात केली होती. लोक विकत घेणंच पसंत करतात असं सांगून ऑगस्ट २०११ मध्ये ती सोय बंदही केली. आज अमेरिकेत ॲपल टीव्ही, ॲमेझॉन प्राइम व्हिडिओ किंवा फँडँगो ॲट होम (फेब्रुवारी २०२४ पर्यंत याचं नाव वुडू होतं) यांपैकी कुठेही गेलात तरी मालिका विकतच मिळते, सुटा भाग किंवा अख्खा सीझन. दोन तासांचा चित्रपट ४८ तासांत आरामात पाहून होतो, दहा तासांची मालिका होत नाही. त्यामुळे भाड्याचा हिशेब इथे तसाही जमत नाही.

एचडी भागाला साधारण २.९९ डॉलर पडतात. सीझन एकदम घेतला तर बहुधा स्वस्त पडतो. ॲपलवर आणखी एक सोय आहे. आधी एकच भाग घ्या आणि आवडला तर ‘कम्प्लीट माय सीझन’ निवडा. सुट्या भागासाठी दिलेले पैसे सीझनच्या किमतीतून वजा होतात. बाकीच्या दुकानांत अशी वजावट मिळेलच असं धरून चालू नका. तिथे पहिला भाग कुठे फुकट मिळतो का ते बघा.

सर्वांत जास्त घोटाळा ॲमेझॉनवर होतो. ब्रिटिश मालिकेच्या पानावर ठळक दिसणारं बटण पुष्कळदा एखाद्या चॅनलच्या वर्गणीचं असतं. ‘सात दिवस फुकट’ वाचून ते दाबलं जातं आणि आठव्या दिवसापासून दरमहा पैसे कापले जाऊ लागतात. विकत घेण्याचे पर्याय त्या बटणाच्या खाली किंवा आत दडलेले असतात. ‘बाय सीझन’ असं स्पष्ट दिसेपर्यंत बोट लावू नका. चुकून खरेदी झालीच, तर भाग सुरू किंवा डाउनलोड न करता ४८ तासांच्या आत ऑर्डर रद्द करा, पैसे परत मिळतात. ‘बघू तरी चालतंय का’ म्हणून दोन मिनिटं लावलंत की तो मार्ग बंद होतो.

प्रश्न (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया): पैसे टाकून घ्याव्यात अशा गेल्या पाच-सहा वर्षांतल्या मालिका सांगा. वर्गण्या आधीच चार आहेत, त्यामुळे मोजक्याच हव्यात.

उत्तर: आमची कसोटी दोन गोष्टींची आहे. मालिका पूर्ण झालेली असावी आणि दुसऱ्यांदा पाहताना पहिल्यापेक्षा जास्त देणारी असावी. जी एकदा पाहून विसरायची, ती महिनाभराच्या वर्गणीत उरकावी.

या कसोटीवर पहिलं नाव ‘चेर्नोबिल’ (२०१९). पाचच भाग, साधारण साडेपाच तास. सुरुवातीचा दोन वर्षांनंतरचा छोटा प्रसंग सोडला, तर २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे सोव्हिएत संघातल्या चेर्नोबिलची अणुभट्टी फुटते, तिथून मालिका सुरू होते. ‘ती का फुटली’ हे मात्र पाचव्या भागापर्यंत राखून ठेवलं आहे. त्या भागात न्यायालयात शास्त्रज्ञ लेगासोव्ह लाल आणि निळ्या पाट्या घेऊन उभा राहतो. लाल पाटी म्हणजे भट्टीतली अभिक्रिया वाढवणारी गोष्ट, निळी म्हणजे ती दाबणारी. एकेक पाटी फळीवर चढत जाते आणि भौतिकशास्त्राशी कधी संबंध न आलेल्या माणसालाही तोल कुठे गेला ते डोळ्यांनी दिसतं. शेवटी ते आणीबाणीचं बटण येतं. भट्टी थांबवण्यासाठी दांडे आत सोडले, पण त्यांची टोकं ग्रॅफाइटची होती. ती आधी आत शिरली आणि अभिक्रिया थांबण्याऐवजी भडकली. हे कळल्यावर पहिला भाग पुन्हा लावा. नियंत्रण कक्षातला प्रत्येक संवाद वेगळा ऐकू येतो. आम्ही ही मालिका विकतच घ्या म्हणतो ते यासाठी.

दोन गोष्टी पाहण्याआधी माहीत असाव्यात. एमिली वॉटसनने केलेली शास्त्रज्ञ कल्पित आहे, अनेक खऱ्या शास्त्रज्ञांचं काम एका पात्रात गोळा केलं आहे. आणि खरा लेगासोव्ह त्या खटल्याला हजर नव्हता. मुलं सोबत असतील तर सांभाळा: तिसऱ्या भागातली इस्पितळातली दृश्यं आणि चौथ्या भागात सोडून दिलेल्या कुत्र्यांना मारण्याचा प्रसंग मोठ्यांनाही जड जातो.

दुसरी ‘मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस’ (२०२४). चारच भाग. ब्रिटनमध्ये खेडोपाडी पोस्टाचं काम चालवणाऱ्या दुकानदारांच्या हिशेबात होरायझन नावाची संगणक प्रणाली खोटी तूट दाखवत होती आणि शिक्षा मात्र माणसांना होत होती. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जण दोषी ठरले. पहिल्याच भागातला प्रसंग बघा. हँपशरच्या खेड्यातली एक बाई मदतीच्या फोनवर सांगितल्याप्रमाणे एकेक कळ दाबते आणि पडद्यावरची तूट तिच्या डोळ्यांदेखत दुप्पट होते. ओरडाआरडा नाही, भयसूचक संगीत नाही. ज्याने कधी काउंटरवर बसून रोकड जुळवली आहे, त्याच्या पोटात गोळा येईल. जानेवारी २०२४ मध्ये मालिका आली आणि देशभर इतका संताप उसळला की मे महिन्यात संसदेने कायदा करून त्या शिक्षा एकगठ्ठा रद्द केल्या. या दुकानदारांचा लढा चालवणारा ॲलन बेट्स टोबी जोन्सने केला आहे. तो आवाज न चढवता कसा लढतो, ते पाहण्यासारखं आहे.

तिसरी ‘हॅपी व्हॅली’. २०१४, २०१६ आणि २०२३ असे तीन सीझन, प्रत्येकी सहा भाग. ‘अलीकडची’ म्हणून ओढून ताणून बसते हे कबूल, पण शेवट २०२३ चा आहे आणि तोच तिचं खरं धन आहे. मधल्या सात वर्षांत नायिकेच्या नातवाचं काम करणारा मुलगा खरोखरच मोठा झाला आणि कथेने ते नेमकं वापरलं. सारा लँकशरने केलेली यॉर्कशरची पोलीस सार्जंट अलीकडच्या इंग्रजी मालिकांतलं सर्वांत भरीव पात्र आहे असं आमचं मत आहे. हिंसा मात्र सोसवत नसेल तर पहिल्या सीझनचा चौथा भाग कठीण जाईल. तिन्ही सीझन वेगवेगळे विकले जातात. क्रमाने घ्या, तिसरा आधी पाहिलात तर सगळंच वाया.

अमेरिकन मालिकांत केट विन्स्लेटची ‘मेअर ऑफ ईस्टटाउन’ (२०२१) घ्या, सात भागांत पुरी होते. ‘द लास्ट ऑफ अस’ चांगली असूनही या यादीत नाही, कारण तिची गोष्ट दुसऱ्या सीझनच्या शेवटी अर्ध्यावरच आहे. नेटफ्लिक्सच्या बहुतेक मालिका या दुकानांत विकायला येतच नाहीत, तिथे वर्गणीच भरावी लागते.

प्रश्न (टोरांटो): ‘बेटर कॉल सॉल’ अख्खी विकत घ्यावी का?

उत्तर: सहा सीझन, ६३ भाग आहेत. पूर्ण दराने सीझन-सीझन घेऊ नका. सगळे सीझन एकत्र असलेला ‘कम्प्लीट सिरीज’चा संच शोधा आणि सवलत लागेपर्यंत थांबा, सणासुदीला असे संच बरेच उतरतात. घाई असेल तर दोन महिने वर्गणी भरून पाहून घ्या. पहिला सीझन संथ वाटला म्हणून सोडू नका एवढंच.

प्रश्न (डॅलस, टेक्सास): आई-बाबा सहा महिन्यांसाठी येत आहेत. दुपारी घरी एकटेच असतात. शिव्या, मारामारी नको आणि इंग्रजी समजायला सोपं हवं.

उत्तर: ‘ऑल क्रीचर्स ग्रेट अँड स्मॉल’, २०२० पासूनची नवी. (याच नावाची जुनी मालिकाही आहे, घेताना साल बघा.) १९३७ मधलं यॉर्कशर, गुरांचा तरुण डॉक्टर, त्याचा तापट मालक आणि सगळं सांभाळणारी मिसेस हॉल. अडलेली गाय, लंगडा घोडा, दुधाच्या जिवावर चाललेलं शेतकऱ्याचं घर. ज्यांच्या घरी कधी गोठा होता, त्या आई-बाबांना यातली काळजी समजावून सांगावी लागत नाही. प्रत्येक भाग पाऊण तासाचा आणि बराचसा स्वतंत्र असतो, त्यामुळे दुपारची डुलकी लागून एखादा चुकला तरी बिघडत नाही. पहिला सीझन घेताना नाताळचा विशेष भाग त्यात आहे की वेगळा विकला जातोय, हे भागांची संख्या मोजून पाहा. सहा साधे आणि एक नाताळचा, असे सात हवेत.

आता ऐकू येण्याचं. ‘इंग्रजी कळत नाही’ अशी तक्रार असते, तेव्हा पुष्कळदा अडचण आवाजाच्या मिश्रणाची असते. संवाद मधल्या स्पीकरसाठी आणि संगीत बाकीच्यांसाठी असं सहा वाटांचं मिश्रण टीव्हीच्या दोन बारक्या स्पीकरांतून वाजतं तेव्हा संवाद दबतात. टीव्हीच्या किंवा ॲपच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये ‘स्टिरिओ’ निवडा. ॲपल टीव्हीच्या डब्यावर ‘रिड्यूस लाउड साउंड्स’ चालू करा. एवढ्यानेच निम्मी तक्रार मिटते.

उरलेल्यासाठी सबटायटल्स. ती मराठीत मिळणार नाहीत, इंग्रजीच घ्यावी लागतील. ॲपल टीव्हीवर सेटिंग्ज, मग ॲक्सेसिबिलिटी, मग सबटायटल्स अँड कॅप्शनिंग इथे जाऊन अक्षर मोठं करा आणि मागे काळी पट्टी ठेवा. पांढरी अक्षरं बर्फाळ शेतावर वाचता येत नाहीत, आणि या मालिकेत हिवाळा भरपूर आहे. हे सगळं ते येण्याआधी करून ठेवा. रिमोटवरची कोणती तीन बटणं लागतील, ते कागदावर मराठीत लिहून टीव्हीशेजारी चिकटवा. आणि खरेदीला पिन लावा, नाहीतर पुढचा सीझन चुकून विकत घेतला जाईल.

प्रश्न (रेडिंग, इंग्लंड): आठ वर्षांनी पुण्याला परत चाललो आहोत. इथे घेतलेल्या मालिका तिकडे दिसतील का?

उत्तर: त्या आपोआप दिसतील असं धरू नका. खरेदी खात्याच्या देशाला बांधलेली असते. ॲपलचं खातं ब्रिटनमधून भारतात बदललंत की आधी घेतलेल्या मालिका पुन्हा डाउनलोड करता येतीलच असं नाही. तिथल्या दुकानात प्रामुख्याने चित्रपटच मिळतात. ॲमेझॉनवर विकत घेतलेल्या गोष्टीही देशाबाहेर अडू शकतात.

निघण्याआधी हे करा. ज्या मालिका खरंच हव्यात त्या आयपॅडवर किंवा लॅपटॉपवर उतरवून घ्या. ॲपलवरून फोर-के खरेदीही एचडीमध्येच उतरते, तासाला काही जीबी धरून जागा मोकळी करा. नंतर देश न बदलता ब्रिटनचं खातं फक्त खरेदीसाठी ठेवा. आयफोनवर ‘मीडिया अँड पर्चेसेस’मध्ये आयक्लाउडपेक्षा वेगळं खातं लावता येतं. ॲपलच्या फॅमिली शेअरिंगवर विसंबू नका, त्यातल्या सगळ्यांची खाती एकाच देशातली असावी लागतात.

अगदी जिवाभावाच्या दोन-तीन मालिकांसाठी डिस्कच घ्या, पण विभागांचं गणित जाणून घ्या. ब्रिटनची डीव्हीडी विभाग २ ची, भारताचा विभाग ५. ब्लू-रेमध्ये ब्रिटन बी, भारत सी. म्हणजे लंडनची डिस्क पुण्यातल्या प्लेअरमध्ये ‘चुकीचा विभाग’ असा संदेश देऊन थांबेल. तुमचा ब्रिटनमधला प्लेअर सोबत न्या किंवा सर्व विभाग चालणारा घ्या. फोर-के डिस्कला विभागाचं बंधन नाही, आणि ‘चेर्नोबिल’ तशी मिळते.

प्रश्न (सिअ‍ॅटल): ‘बाय’ दाबलं म्हणजे ती मालिका आपली झाली ना?

उत्तर: तुम्हाला मिळतो तो पाहण्याचा परवाना. सोनीच्या प्लेस्टेशनवर डिस्कव्हरीचे कार्यक्रम घेतलेल्यांना डिसेंबर २०२३ मध्ये ‘ते तुमच्या खात्यातून जातील’ असं कळवण्यात आलं. आरडाओरडा झाल्यावर नवा करार झाला आणि ते वाचले. जर्मनी-ऑस्ट्रियातल्या ग्राहकांचे स्टुडिओकॅनालचे चित्रपट मात्र २०२२ मध्ये गेलेच. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून दुकानांना ‘हा परवाना आहे’ हे खरेदीच्या वेळी स्पष्ट सांगावं लागतं. मायक्रोसॉफ्टने जुलै २०२५ मध्ये चित्रपट-मालिका विकणंच थांबवलं. चित्रपटांसाठी अमेरिकेत मूव्हीज एनीव्हेअर आहे, एका दुकानातली खरेदी दुसऱ्या दुकानात दिसते. मालिकांना ती सोय नाही. म्हणून खरेदी चार ठिकाणी विखरू नका, एकच दुकान धरा.

प्रश्न (शार्लट, नॉर्थ कॅरोलिना): एचडीचे पैसे भरले, तरी लॅपटॉप टीव्हीला जोडल्यावर चित्र धूसर दिसतं. कधी नुसतंच काळं.

उत्तर: दोन वेगळी कारणं आहेत. ब्राउझरमध्ये कॉपी-संरक्षण कच्चं असतं, म्हणून दुकान मुद्दाम कमी दर्जाचं चित्र पाठवतं. वायफाय बदलून ते सुधारत नाही. पडदा काळा होतो तेव्हा वायर, जुना प्रोजेक्टर किंवा मधलं ॲडॅप्टर यांपैकी कुणीतरी एचडीसीपी हे संरक्षण ओळखत नसतं. फोर-केला तर एचडीसीपी २.२ लागतं. आधी मधलं ॲडॅप्टर काढून थेट एचडीएमआय वायर लावून बघा. त्यानेही नाही झालं तर लॅपटॉप बाजूला ठेवा आणि टीव्हीतलं ॲप किंवा छोटी स्ट्रीमिंग स्टिक वापरा, त्याच खात्याने आत गेलात की खरेदी केलेली मालिका लायब्ररीत दिसेल.