दोन फुटी टाकीत गोल्डफिश, एंजल, टायगर बार्ब आणि गप्पी एकत्र राहतील का?

नाही, हे चौघे एकत्र ठेवू नका. गोल्डफिशला २० अंशांच्या आसपासचं गार पाणी मानवतं, बाकीच्यांना २४ ते २७. शिवाय तो घाणही खूप करतो. टायगर बार्ब तर एंजलचे लांब पर आणि गप्पीची शेपटी कुरतडत राहतो. बिचारे मासे कोपऱ्यात लपून खाणं सोडतात. मोठा झालेला एंजल टेट्रासारखे छोटे मासे सरळ गिळतो.

दोन फुटी टाकीत जेमतेम ५५ लिटर पाणी मावतं. त्यात मी आठ झेब्रा डॅनिओ आणि तळाशी राहणारे, मिशा असलेले सहा छोटे कोरी मासे ठेवेन. दोन्ही कळपाने राहणारे मासे आहेत, एकटादुकटा आणलात तर भेदरलेला राहतो. कोरीसाठी खडीऐवजी बारीक वाळू घाला, त्यांच्या मिशा शाबूत राहतात. बोअरचं जड पाणी असेल तर कोरीऐवजी गप्पी घ्या, पण फक्त नर, नाहीतर पिल्लांनी टाकी भरेल.

काच साफ करेल म्हणून दुकानदार सकर हा काचेला चिकटून राहणारा मासा देऊ करेल. घेऊ नका, तो फूटभर वाढतो.

आणि कृपा करून सगळे मासे एकाच दिवशी सोडू नका. फिल्टरमध्ये माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात.