मानेचा काळेपणा घासून जात नाही

प्रश्न : मी इंदूरची, रामबागेत राहते. मुलगा 14 वर्षांचा, उंची 158 सेंटिमीटर, वजन 71 किलो. डॉक्टर म्हणाले ओबीस म्हणजे लठ्ठ आहे, वजन कमी करा, बस, दोन मिनिटांत बाहेर. सासूबाई म्हणतात खात्यापित्या घरचं पोर आहे, उंची काढली की उतरेल. हे म्हणतात थायरॉइड असेल. तो स्वतः काही बोलतच नाही, फक्त पीटीच्या दिवशी बरोबर त्याचं पोट दुखतं. आणि मान काळी पडलीय, रोज बेसन लावून घासते तरी जात नाही. कोणाचं ऐकू?

उत्तर : आधी ते बेसन बंद करा. तो मळ नाहीये हो! वजन जास्त असलेल्या मुलांच्या मानेवर, काखेत अशी जाडसर मखमली काळी त्वचा दिसली की बहुतेक वेळा शरीर इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या संप्रेरकाला, नीट दाद देत नसतं. घासून मान सोलवटेल फक्त, आणि पोराला वाटेल आईलाही मी घाणेरडाच वाटतो. डॉक्टरांना मान मुद्दाम दाखवा, बीपी, उपाशीपोटी शुगर, लिपिड (रक्तातली चरबी) आणि लिव्हरसाठीची एसजीपीटी ही रक्ततपासणी करायची का ते विचारा.

थायरॉइडने वजन वाढतं तेव्हा सहसा उंची पण रखडते, तुमच्याकडे तसं दिसत नाही. सासूबाईंचं अर्धं खरं आहे, वजन आहे तिथे थांबलं आणि उंची वाढली तर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, खाली येतो, पण ते थांबवावं लागतं, आपोआप नाही होत. त्याचा बीएमआय 28 च्या वर जातोय. मुलांना मोठ्यांचे आकडे लावत नाहीत, इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे 2015 चे वयाप्रमाणे चार्ट आहेत, त्यातही तो लठ्ठपणाच्या रेषेच्या वरच आहे. म्हणजे डॉक्टर चुकले नाहीत, फक्त घाईत होते.

राहिलं पोट. मला तर ते टाइट टीशर्टचं आणि धावताना मागून येणाऱ्या हसण्याचं दुखणं वाटतंय. घरात काय हाक मारता त्याला? गोलू, मोटू असेल तर आजपासून बंद, मामा-काकांना पण सांगा. चिडवलेली मुलं बारीक होत नाहीत, लपून खातात.

त्याच्या एकट्यापुढे उकडलेल्या भाज्या आणि बाकीचे पोह्यांवर मूठभर शेव घालून जिलेबी खातायत, असं चालणार नाही. सराफ्यातली रात्रीची खाऊगल्ली सोडा असं मी म्हणणार नाही, इंदुरात माझं ऐकणार कोण! पण दर आठवड्याऐवजी महिन्यातून एकदा, आणि फ्रिजमधल्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या सगळ्यांसाठीच बाहेर. रात्री मोबाइल हॉलमध्ये राहू दे, या वयात 8 ते 10 तास झोप लागते. रोज तासभर घाम येईल असं काहीतरी हवं, सायकल, बॅडमिंटन, काय ते त्याला ठरवू द्या.

आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे गेलात की पाच मिनिटं त्याला एकट्याला आत बोलू द्या, तुम्ही बाहेर बाकावर बसा.